माळढोक दिसला नाही, मग काय बघितलं?

नवीन वाचकांसाठी ओळख: मी सोलापुरात ३० वर्षं नर्स होते. रात्रपाळी संपवून कंबर तलावाच्या कडेनं घरी जाताना पाखरं बघायची सवय लागली. आता आमच्या निसर्गमंडळाच्या रविवारच्या फेऱ्यांना मी लोकांना घेऊन जाते. निम्मे लोक अजून मला सिस्टरच म्हणतात. पत्रांतही तसंच लिहिलंत तर मला आवडेल.

पुण्याहून दोनदा नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आलो, सुट्टी काढून. दोन्ही वेळा माळढोक दिसला नाही. तुमच्या फेरीला आलो तर दिसेल का? की आता तिकडे येण्यात अर्थ नाही?
– एक वाचक, पुणे

फेरीला जरूर या, पण माळढोक दाखवीन असा शब्द मी देणार नाही. दुसऱ्या कुणी दिला तर त्यावर विसंबू नका. आज साऱ्या भारतात हा पक्षी दीडशेच्या आतबाहेर उरलाय, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. १९७९ साली ज्याच्यासाठी इथं अभयारण्य झालं, तोच इथून जवळजवळ गेला. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्रं आलं किंवा गुराचा पाय पडला की ते अंडं गेलं. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. इतकं जड पाखरू उडताना विजेची तार आडवी आली तर ऐनवेळी वळू शकत नाही, आणि डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरची तार त्याला नीट दिसतही नाही. शिवाय माळ नांगरले गेले, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला.

मी तो पाहिलाय. गवताच्या वर नुसती पांढरी मान आणि काळी टोपी घातल्यासारखं डोकं. तो हलला नाही, आम्हीही हललो नाही. मग एकेक पाऊल टाकत उताराला लागला आणि मान गवतात बुडाली. आजही आठवलं की गलबलून येतं. त्यामुळे तुमची हळहळ मला कळते.

पण त्या दोन सकाळी माळावर काय काय होतं, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही, आणि मला वाईट वाटलं ते त्याचं. डोंबारी चंडोल बघितलात का? चिमणीपेक्षा लहान पाखरू. नर वर चढतो, पंख मिटून शीळ घालत दगडासारखा खाली येतो आणि जमिनीला टेकणार तोच पुन्हा उसळतो. डोंबाऱ्याचा खेळ पाहिलेल्या माणसानंच हे नाव ठेवलं असणार. धाविक बघितलात? तो तुरुतुरु धावतो, थांबतो, वाकून किडा टिपतो, आणि थांबला की मातीत असा मिसळतो की आत्ता इथं होता म्हणून बोट दाखवणाराच गोंधळतो. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्ये येतात. गवताच्या हातभर वरून तरंगत नाकतोडे टिपतात, आणि शिकारी पक्षी असूनही रात्री झाडावर न बसता गवतातच उतरतात. काळविटांचे कळप तर रस्त्यावरूनही दिसतात.

आमच्या फेरीत पहिला अर्धा तास आम्ही चालतच नाही. एका जागी बसतो. या वेळी तसे बसून बघा आणि मग मला पत्र लिहा.

दुर्बीण कोणती घ्यावी?
– एक वाचक, पंढरपूर

८ बाय ४२. म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. पहिला आकडा मोठा म्हणजे दुर्बीण भारी, असं नाही. वीसपट मोठं दाखवणारी हातात धरली की हात जरा हलला तरी पाखरू नाचतं. आधी आमची वापरून बघा, मग पैसे घाला.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. पाच मिनिटं गप्प बसत नाही. त्याला फेरीला आणलं तर बाकीच्यांना त्रास होईल का?
– एक आई, सोलापूर

आणा हो त्याला. एका एप्रिलमध्ये असाच एक मुलगा आला होता. सारखी बडबड, सारखी खोडी. आम्ही सहाजण पुढं निघून गेलो आणि हा बुटाची नाडी बांधायला खाली बसला. तिथूनच ओरडला, "सिस्टर, या दगडांवर ठिपके आहेत!" मागं आले तर त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर माळटिटवीची चार अंडी. निमुळती टोकं आत करून, फुलीसारखी मांडलेली. भोवती तेवढ्याच आकाराचे खडे. आम्ही सहाही जण त्यांच्या शेजारून गेलो होतो, एकालाही दिसली नव्हती.

आल्या पावली मागं सरलो आणि लांब बाभळीखाली बसलो. थोड्या वेळानं मादी आली. दुर्बिणीतून पोटाची पिसं ओली, चिकटलेली दिसत होती. उन्हाळ्यात ही टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, म्हणजे ती गार राहतात. पोराला एवढंच हळू सांगितलं. त्यानंतर पाऊण तास त्याच्या तोंडातून शब्द निघाला नाही.

मातकट रंगाचे कपडे घाला, पायात पूर्ण बूट हवेत, कारण कुसळं मोज्यांत शिरली की मूल रडकुंडीला येतं. पाणी भरपूर आणा. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, आणि घरट्याचा फोटो काढायचा नाही. हा नियम मीच आग्रहानं करून घेतला. एकदा फोटो काढणाऱ्यांच्या एका गटानं धाविकाच्या पिल्लाला चहूबाजूंनी घेरलेलं मी पाहिलं होतं. पिल्लू चोच उघडून धापा टाकत होतं आणि आई लांब उन्हात उभी होती.

आमच्या कॉलेजच्या गटाला माळावर पाचशे झाडं लावायची आहेत. तुम्ही व्याख्यानात विरोध केलात. झाडं लावणं चुकीचं कसं?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही, जागेबद्दल आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, खाली मुरूम, वर चार बोटं माती. त्यावर पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं शतकानुशतकं उभी आहेत. तिथं गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाटीनं लावलं की गवत मरतं, आणि धाविक, चंडोल, काळवीट यांना हवी असलेली मोकळी नजर बंद होते. सरकारी कागदावर 'पडीक' लिहिलं म्हणून आपणही त्याला पडीक म्हणायचं का? कडुनिंब, वड, पिंपळ शाळेच्या आवारात लावा, रस्त्याकडेला लावा, आणि तीन उन्हाळे पाणी घाला. पाखरांसाठी काही करायचंच असेल तर ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात हिप्परग्याच्या तलावावर पक्ष्यांच्या मोजणीला या. आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ तारखेचा आणि सालिम अलींचा १२चा, म्हणून तो आठवडा. मोजणीला हात नेहमीच कमी पडतात.

लांडग्यानं माझ्या दोन मेंढ्या नेल्या. तुम्ही लोक भाषणात लांडग्याचं कौतुक करता. आमचं नुकसान कोण भरणार?
– एक मेंढपाळ, मोहोळ तालुका

दादा, तुमचा राग रास्त आहे. दोन मेंढ्या म्हणजे काय, हे शहरात बसून कळत नाही. आधी कामाचं सांगते. असं पुन्हा घडलं तर मेलेलं जनावर हलवू नका. लगेच वनरक्षकाला कळवा, मोबाइलवर फोटो काढा, पंचनामा करून घ्या. लांडग्यानं मारलेल्या जनावराची भरपाई वनखात्याकडून मिळते, पण पंचनामा नसेल तर अर्ज अडतो. अर्ज लिहायला आमच्या मंडळातले दोघे तुमच्याकडे येतील. रात्री वाघरीची जाळी उंच आणि ताणलेली ठेवा, आणि कोकरं मधोमध.

कौतुकाचं म्हणाल, तर लांडगा ससे आणि उंदीर-घुशीही खातो. माळ नांगरला गेला, सावज कमी झालं, मग तो मेंढरांच्या वाड्याकडे वळतो. विष घातलेलं मढं मात्र कधी टाकू नका. ते तुमचीच कुत्री खातात, आणि घारी-गिधाडंही.

आणखी एक मागणं आहे. आम्ही व्याख्यानात पडद्यावर लांडगा दाखवतो. तुम्ही तो वाड्याबाहेर, अंधारात, कुत्री कशी भुंकतात त्यावरून ओळखता. कोणत्या दिवसांत तो जोडीनं फिरतो, कुठल्या नाल्यानं उतरतो, तुमच्या वाडवडलांच्या वेळी किती होते, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नाही. पुढच्या महिन्याच्या व्याख्यानाला या, पण ऐकायला नव्हे, बोलायला. न्यायला-आणायला गाडी आम्ही पाठवू. तेवढा वेळ मेंढरांपाशी कोण थांबेल ते तुम्ही ठरवून कळवा, त्याप्रमाणे वार धरू.