प्राचीन ताऱ्यांवरून आपल्या आकाशगंगेची सुरुवातीची रासायनिक घडण कशी कळते?

ताऱ्याच्या गाभ्यात कितीही उलथापालथ झाली तरी त्याचा बाहेरचा थर बराचसा जन्मावेळच्या वायूचाच राहतो. (लाल राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या, ताऱ्यांत आतला माल थोडा वर येतो, तेवढं जपून वाचावं लागतं.) सूर्याच्या ०.८ पट वस्तुमानाचा तारा विश्वाच्या आजच्या वयापेक्षा, म्हणजे १३.८ अब्ज वर्षांपेक्षा, जास्त जगतो. त्यामुळे अगदी आरंभी जन्मलेले काही छोटे तारे अजून तेवत आहेत आणि त्यांच्या वर्णपटात (प्रकाश रंगांत फोडल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यात, जिथे प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक रेषा उमटतात) त्या काळचा वायू वाचता येतो.

महास्फोटातून हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढंच आलं. लोह पुढे ताऱ्यांनी घडवलं. म्हणून लोह जितकं कमी, तितका तारा बहुधा जुन्या पिढीतला. सगळ्या ताऱ्यांची घडण सारखीच असते, हा समज १९५१ साली चेंबरलेन आणि ॲलर या खगोलशास्त्रज्ञांनी मोडला. त्यांनी तपासलेल्या दोन ताऱ्यांत लोह सूर्यापेक्षा फारच कमी निघालं.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो ऑस्ट्रेलियातल्या स्कायमॅपर दुर्बिणीने हेरलेला, २०१४ मध्ये जाहीर झालेला तारा, एसएमएसएस जे०३१३-६७०८. त्याच्या वर्णपटात लोहाची एकही रेषा सापडली नाही. असलंच तर ते सूर्यातल्या लोहाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे. कार्बन मात्र आहे! असं कसं? लोह स्फोट पावणाऱ्या ताऱ्याच्या अगदी आत तयार होतं, कार्बन बाहेरच्या थरांत. स्फोट दुबळा असेल तर आतला भाग कृष्णविवरात कोसळतो आणि बाहेरचा तेवढा निसटतो; अशाच निसटलेल्या वायूतून हा तारा जन्मला असावा. पहिल्या पिढीतला एक तारा कसा मेला, हे आपण दुसऱ्याच ताऱ्यात वाचतोय. पण सगळेच तसे मेले नसावेत: २०११ मध्ये सिंह राशीत सापडलेल्या अशाच एका लोहदरिद्री ताऱ्यात कार्बनचा असा भरणा नाही.

मॅग्नेशियम आणि लोह यांचं प्रमाण तर घड्याळासारखं वापरता येतं. मॅग्नेशियम मोठ्या, अल्पायुषी ताऱ्यांच्या स्फोटांतून लगेच मिळतं. लोहाचा मोठा वाटा श्वेत बटूंच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांच्या, स्फोटांतून बऱ्याच उशिरा येतो. छोट्या दीर्घिकेत (आपल्या आकाशगंगेसारख्याच, पण लहान तारकासमूहात) तारे संथपणे जन्मतात, त्यामुळे एकूण लोह कमी असतानाच हे प्रमाण घसरू लागतं. २०१८ मध्ये युरोपच्या गाया या अवकाशयानाने मोजलेल्या ताऱ्यांच्या गती आणि हे प्रमाण ताडून पाहिल्यावर उलगडलं, की सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेने एक लहान दीर्घिका गिळली. तिला गाया-एन्सेलाडस म्हणतात. सूर्याच्या आसपास दिसणाऱ्या प्रभामंडलातल्या (आकाशगंगेच्या तबकडीभोवतीच्या विरळ गोलातल्या) ताऱ्यांपैकी बरेचसे तिच्यातूनच आलेले आहेत.