85 हजारांची एक रात्र

प्रश्न : माझे वय 28. पुण्यात नोकरी करते आणि 68 हजार रुपये पगार हातात येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून पाठीवर बॅकपॅक टाकून 18 दिवस इटली आणि दक्षिण फ्रान्स फिरणार आहे. विमानाचे तिकीट आणि व्हिसा यांचे पैसे भरून झाले असून तिथला खर्च हॉस्टेलसह दिवसाला 75 युरोंत बसवला आहे. मात्र नीसजवळच्या काप-फेरा भूशिरावरील एका पंचतारांकित हॉटेलात एक दिवस घालवायची फार इच्छा आहे. एका रात्रीचे भाडे 850 युरो आहे. ते क्रेडिट कार्डावर भरून 12 हप्ते करून घ्यावेत का? बाबा याला उधळपट्टी म्हणतात. मैत्रीण म्हणते, हौसेला मोल नसते.

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या तपशिलावरून तुमचा महिन्याचा खर्च शैक्षणिक कर्जाच्या 11,200 रुपयांच्या हप्त्यासह 42 हजार रुपये आहे, कर्ज अद्याप 2 लाख 80 हजार फिटायचे आहे आणि मुदत ठेवीत 2 लाख 10 हजार आहेत. ही ठेव म्हणजे बरोबर पाच महिन्यांचा खर्च होय. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले, तर तोच एक आधार आहे, आणि तुम्ही ती मोडण्याचा विचारही केला नाही, ही जमेची बाजू. महिन्याला उरणाऱ्या 26 हजारांपैकी सुमारे 19 हजार तुम्ही प्रवासासाठी बाजूला टाकत आहात, म्हणजे जूनपर्यंतच्या चार महिन्यांत दरमहा सात हजार रुपये अजून मोकळे आहेत. माझे उत्तर या सात हजारांभोवतीच फिरणार आहे.

आधी हप्त्यांचे पाहू. हिशेब सोपा जावा म्हणून एक युरो 100 रुपयांचा धरतो. 85,000 रुपयांवर तुमच्या कार्डाचा साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातील खर्चावरचे बँकेचे जादा शुल्क) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागेल, म्हणजे बिल 88,510 रुपयांवर जाईल. बँकेने परकीय चलनातील खर्च हप्त्यांत बदलून दिला, तर तुम्ही लिहिलेल्या 16 टक्के दराने बारा महिन्यांत साधारण 7,850 रुपये व्याज आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी भरावा लागेल. सारे मिळून रक्कम 98 हजारांच्या घरात पोहोचते. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असताना त्याहून महाग कर्ज घेऊन सहल करणे म्हणजे ऋण काढून सण साजरा करणे आहे, आणि त्याला माझी संमती नाही.

तरीही तुमच्या बाबांशी मी पूर्णपणे सहमत नाही. 18 दिवस सुपरमार्केटमधला पाव आणि चीज खाऊन, आठ जणांच्या खोलीत झोपून फिरणाऱ्या मुलीला एक दिवस पांढऱ्या छत्रीखाली कोणी थंड पाण्याचा पेला आणून द्यावा असे वाटले, तर त्यात गैर काहीच नाही. अडचण इच्छेत नाही. तुम्ही जी वस्तू विकत घ्यायला निघाला आहात, तिच्यात आहे. तुम्हाला समुद्रकाठचा दिवस हवा आहे आणि 850 युरोंत मिळते ती रात्र. खोली दुपारी तीनला मिळणार आणि दुसऱ्या दिवशी बाराला सोडावी लागणार. या 21 तासांतले आठ झोपेत जातील. पोहण्याच्या तलावाकाठी वा समुद्रात म्हणाल, तर संध्याकाळचे चार आणि सकाळचे दोन, असे जेमतेम सहा तास हाती लागतील, तेही सामान आवरण्याची घाई सोसून. गादी कितीही मऊ असली, तरी डोळे मिटल्यावर ती हॉस्टेलच्या गादीसारखीच, आणि तिच्यासाठी तुम्ही तुमच्या अकरा दिवसांचा खर्च मोजणार!

तुमच्या मूळ पत्रात एक ओळ तळाशी आली आहे, ती मी वर आणतो. त्याच हॉटेलच्या समुद्रालगतच्या तलावावर बाहेरच्या पाहुण्यांना 140 युरोंत दिवसभर प्रवेश मिळतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्यात साध्या जेवणाचे 60 आणि जाण्यायेण्याचे 10 युरो मिळवले, तर 210 युरो होतात आणि मार्कअप धरून रक्कम 22 हजार रुपयांच्या आत राहते. सकाळी दहाला पोहोचून सहाला निघालात, तरी आठ तास मिळतात, म्हणजे खोली घेऊन मिळणाऱ्या वेळेपेक्षा जास्तच. चार महिने साडेपाच हजार बाजूला टाकले, की हे पैसे प्रवासाआधीच उभे राहतात आणि तुमच्या मोकळ्या सात हजारांतून दीड हजार तरीही शिल्लक राहतात.

हेही ध्यानात घ्या, की समुद्र कोणाच्या मालकीचा नाही. फ्रान्सच्या 1986 च्या किनारा कायद्याने किनाऱ्यावर सर्वांना मुक्त प्रवेश दिला आहे आणि 2006 च्या हुकमानुसार नैसर्गिक किनारा व्यवसायासाठी भाड्याने देताना त्याच्या लांबीचा 80 टक्के भाग मोकळा ठेवावा लागतो. हॉटेल तुम्हाला खुर्ची, टॉवेल, सावली आणि अदब विकते. लाटा फुकट आहेत. काप-फेराच्या कडेने जाणारी सार्वजनिक पायवाट श्रीमंतांच्या बंगल्यांच्या भिंतींखालूनच जाते. शेजारच्या व्हिलफ्रांश-सुर-मेरला नीसहून रेल्वेने दहा मिनिटेही लागत नाहीत आणि तिथला किनारा स्थानकाच्या अगदी पायथ्याशी आहे. या दोन्ही ठिकाणी आदल्या दिवशी जाऊन या. त्यानंतरही हॉटेलच्या खुर्चीचे 140 युरो द्यावेसे वाटले, तर खुशाल द्या. नीसच्या किनाऱ्यावर वाळू नसून गोटे आहेत, म्हणून रबरी चपला इथूनच न्या.

तारखेविषयी मात्र सावध करतो. मोनॅकोची मोटार शर्यत 2026 पासून जूनच्या पहिल्या पूर्ण आठवडाअखेरीस होते आणि त्या दिवसांत आसपासची हॉटेले, हॉस्टेलसुद्धा, भाव चढवतात. तुमच्या आखणीत इटली आधी घेऊन नीस शेवटी टाकता आले, तर 75 युरोंचे गणित सांभाळणे सोपे जाईल. तलावावरची जागा आधी आरक्षित करावी लागते का आणि खाण्यापिण्यावर किमान खर्चाची अट आहे का, हे हॉटेलला ईमेल करून लेखी विचारून घ्या. अशी अट निघाली, तर 22 हजारांचा हिशेब कोलमडेल.

कार्डाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण बॅकपॅकवाल्यांचे नुकसान इथेच होते. मोठी हॉटेले येणाऱ्या पाहुण्याच्या कार्डावर अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात आणि ती सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. पुढच्या दहा दिवसांचे पैसे ज्या प्रीपेड फॉरेक्स कार्डावर असतील, तेच पुढे केलेत, तर हॉस्टेलचे भाडे द्यायला पैसे उरणार नाहीत. त्या दिवसासाठी क्रेडिट कार्ड वापरा आणि बिल आल्यावर बाजूला टाकलेल्या पैशांतून पूर्ण भरा. बिल देताना यंत्र युरो की रुपये असे विचारेल, तेव्हा युरोच निवडा. मी स्वतः एकदा ‘रुपयांत किती झाले ते तरी कळेल’ म्हणून रुपये निवडले होते आणि एका साध्या जेवणावर विनाकारण जास्त मोजले. टीसीएसची, म्हणजे परदेशी पाठवलेल्या पैशांवर बँक आगाऊ वसूल करते त्या कराची, धास्ती नको. 1 एप्रिल 2025 पासून तो लागू होण्याची मर्यादा 10 लाख रुपये आहे आणि तुमचा खर्च तिच्या जवळपासही जात नाही.

जेवताना ‘कराफ दो’ मागा, म्हणजे नळाचे पाणी फुकट मिळते. बाटलीचे पाणी घेतले, तर ते बिलात येते. सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते, म्हणून वेगळी टिप देण्याची सक्ती नाही. मोठी बॅकपॅक हॉस्टेलच्या लॉकरमध्ये ठेवून छोट्या पिशवीत पोहण्याचे कपडे आणि पासपोर्टची प्रत एवढेच न्या. साडेपाच हजारांचा पहिला हप्ता याच महिन्याच्या पगाराच्या दिवशी वेगळ्या बचत खात्यात वळता करा, आणि त्या खात्याचे डेबिट कार्ड घेऊ नका.