आगाऊ वर्गणी आणि आठवड्याची भाजी

प्रश्न : पुण्यात आमच्या सोसायटीतील काही कुटुंबे मुळशीकडील एका शेतकऱ्याला हंगामाचे पैसे आगाऊ देऊन दर आठवड्याला भाजीची टोपली घेतात. आम्ही दोघेच आहोत. सामील व्हावे का?

उत्तर : जरूर व्हा, परंतु ही भाजीची खरेदी नसून शेतातील भागीदारी आहे, हे आधी मनाशी पक्के करा. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने आणि अमेरिकेत १९८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर येथे रुजलेल्या या पद्धतीत बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च सभासद आधीच उचलतात. त्यामुळे शेतकऱ्याला सावकाराचे तोंड पाहावे लागत नाही, मात्र अतिवृष्टीत पालेभाजी सडली तर त्या आठवड्याची हलकी टोपलीही सभासदांनी मुकाट्याने स्वीकारायची असते. आषाढ-श्रावणात दोडका, पडवळ, भोपळा पुन्हापुन्हा येईल; टोमॅटो हवाच असेल तर मंडई आहेच. हिवाळ्यात मात्र मुळांना ओली माती चिकटलेली मेथीची जुडी हाती आली की तक्रारी विसरल्या जातात. (निवडायला अर्धा तास लागतो, तेही खरे.)

दोघांसाठी अर्धा वाटा मिळतो का, आणि गावाला गेल्यास टोपली शेजाऱ्यांना देता येते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. भाजी सेंद्रिय असल्याचा दावा असेल, तर पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय प्रमाणीकरण योजनेचे प्रमाणपत्र पाहा किंवा एखाद्या रविवारी सरळ शेतावर जाऊन या.