माझी मुलगी चिडवत नव्हती, पण हसत होती

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, माझी मुलगी मराठी शाळेत सहावीला आहे. जूनमध्ये तिच्या वर्गात जांबोटीकडच्या रानातल्या एका वाडीवरची मुलगी आली. तिच्या कपड्यांना चुलीच्या धुराचा वास येतो म्हणून दोघीतिघी नाकाला रुमाल लावून बसायच्या, माझी लेक बोलायची काही नाही पण हसायची. दसऱ्याच्या सुट्टीनंतर ती मुलगी शाळेत आलीच नाही. आता ही जेवताना मधेच थांबते आणि विचारते, "आई, ती माझ्यामुळं गेली काय गं?" मी म्हणते तुझा काय दोष, पण तिला ते पटत नाही. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे "तुझा काय दोष" हे म्हणणं थांबवा. तिला माहितेय आपण हसलो ते, आणि तुम्ही नाही म्हटलं की ती एकटी पडते. त्यापेक्षा तिला एक गोष्ट वाचून दाखवा. एलिनॉर एस्टिस या अमेरिकन लेखिकेची 'द हंड्रेड ड्रेसेस', 1944 सालची. आपल्याकडं सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात बरीच वर्षं होती, त्यामुळं एखाद्या शिक्षकाकडं जुनं पुस्तक नक्की मिळेल. इंग्रजी जड वाटलं तर तुम्ही आधी वाचा आणि रात्री आपल्या भाषेत सांगा.

वांडा नावाची पोलिश मुलगी रोज एकच निळा फिका झालेला फ्रॉक घालून येते आणि म्हणते माझ्याकडं घरी शंभर ड्रेस आहेत. पेगी तिला रोज त्यावरून छेडते, आणि मॅडी शेजारी गप्प उभी असते. मॅडी का गप्प, तर ती स्वतः गरीब, पेगीचेच जुने कपडे घालणारी, बोलले तर उद्या माझा नंबर लागेल ही भीती. एकदा ती पेगीला चिठ्ठी लिहायला घेते, की हे बंद कर, आणि लिहितालिहिताच फाडून टाकते. तिथं थांबा तुम्ही. पुढं वाचू नका लगेच. "तात्पर्य काय" असलं तर मुळीच विचारू नका, नुसतं विचारा की चिठ्ठीत काय लिहिलं असेल गं? तुमची लेक जे सांगेल ना ते तिच्याच वर्गातलं असणार, आणि तुम्ही तेव्हा फक्त ऐकायचं.

मला ही गोष्ट एवढी आवडते कारण ती खोटा दिलासा देत नाही. वांडाचे शंभर ड्रेस म्हणजे तिनं काढलेली चित्रं होती हे कळेपर्यंत तिचं कुटुंब शहर सोडून गेलेलं असतं, मॅडी आणि पेगी पत्र लिहितात, उत्तरही येतं, तरी मॅडीच्या डोळ्यासमोरून भिंतीपाशी एकटी उभी वांडा जात नाही. पण इथून पुढं आपण गप्प बसायचं नाही हे मॅडीनं ठरवलेलं असतं.

आता तुमच्याकडचं. ती मुलगी वाडीवरच असेल तर गोष्ट अजून संपलेली नाही. ती का येत नाही ते आधी बघा, घरची अडचण असेल, बसची असेल, तुमच्या लेकीनं सगळं स्वतःवर घ्यायला नको. वर्गशिक्षकांना भेटा, रुमालाचं सगळं सांगा, आपल्या मुलीचं हसणंही लपवू नका. एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या पालक समितीत, ओळखीचं कोणी असेल तर त्यांच्याही कानावर घाला. कुठूनच दाद लागली नाही तर मुलांसाठीचा 1098 हा फुकट नंबर आहे.

आणि घरात बोलायची सवय करून घ्या, अक्षरशः. तुम्ही रुमाल लावणारी व्हा, ती म्हणू दे, "बास की आता, कशाला चिडवतीस तिला?" पहिल्यांदा आवाज निघणार नाही, दहा वेळा करा. ते जमलं नाही तर नुसतं उठून त्या मुलीच्या बाकावर जाऊन डबा खायचा, तेही चालतं.

तिनं चिठ्ठी लिहायची म्हटली तर लिहू दे. "मी हसले" हे तिच्याच अक्षरात येऊ दे, तुम्ही शुद्धलेखन सुधारू नका, आणि जमलं तर दोघी जाऊन हातात देऊन या.