चार वर्षं दारू सुटलीय, स्थळ आलंय. मुलीला सांगायचं का?

पत्र: मी 34 वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला. एमआयडीसीत नोकरी करतो. सात वर्षं दारू प्यायलो, शेवटची तीन तर रोज. त्यात एक नोकरी गेली, वहिनीचे दागिने गहाण पडले. व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर एकदा आठवडाभर घसरलो. त्यानंतर चार वर्षं दोन महिने एक थेंब नाही. आठवड्यातून दोनदा एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मिटिंगला जातो. आता स्थळ आलंय. मुलगी शिक्षिका आहे, दोघांची पसंती झाली, पुढच्या महिन्यात सुपारी फोडायचं ठरतंय. आई म्हणते, झालं गेलं गंगेला मिळालं, जुनं उकरू नको. थोरला भाऊ मात्र मी कुठल्या लग्नाहून आलो की अजून जवळ येऊन तोंडाचा वास घेतो. मला वाटतं, तो पिणारा माणूस आता मी नाहीच. मग त्याचं मी का सांगत बसू?

उत्तर: सांगा. सुपारी फुटायच्या आधी सांगा, स्वतः सांगा, आणि पूर्ण सांगा.

‘तो माणूस मी नाहीच’ या वाक्यामागची शरम समजते. पण केंद्रात दाखल व्हायला हो कोण म्हणालं? तोच, तेव्हा पीत असलेला माणूस. घसरल्यावर आठव्या दिवशी परत उभा राहिला तोही तोच. त्याला परका ठरवलंत तर ही चार वर्षं कुणाच्या नावावर लावायची? शिवाय हे वाक्य व्यवहारातही धोक्याचं आहे. ‘मी आता तो नाही’ इथून ‘मग एखाद्या पेगने काय होतंय’ इथपर्यंतचं अंतर फार थोडं असतं, आणि बरीच वर्षं सोबर राहिलेले कित्येक जण याच वाटेने घसरतात. वर्षभराहून जास्त काळ दारू सुटलेल्या माणसाचा आजार ‘रेमिशन’मध्ये आहे असं डॉक्टर म्हणतात, पूर्ण गेला असं म्हणत नाहीत. साखर नियंत्रणात आली म्हणून मधुमेह नव्हताच असं आपण म्हणतो का?

त्या मुलीला हे कळायला हवं ते तुम्हाला गुन्हेगार ठरवण्यासाठी नव्हे. तुमच्या भूतकाळाने तुमचं आजचं वेळापत्रक ठरवलंय आणि ती त्यात राहायला येणार आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तुम्ही घरी नसता. वरातीत ठरावीक मित्रांबरोबर थांबत नाही. खोकल्याचं औषध घेताना लेबलवर अल्कोहोल बघता. पाहुण्यांसाठीसुद्धा घरात बाटली येत नाही. हे सगळं तिला पहिल्या महिन्यातच दिसेल, कारण मात्र माहीत नसेल. आणि गाव आहे. हळदीकुंकवाला कुणीतरी सांगेलच. तेव्हा तिला दारूपेक्षा फसवलं गेल्याचं जास्त लागेल. कायद्याचंही लक्षात ठेवा: हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल, तर फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत लग्न रद्द ठरवण्यासाठी अर्ज करता येतो. तुमच्या बाबतीत कोर्ट काय ठरवेल हे आधी सांगता येत नाही, पण ती वेळच कशाला?

बोलण्याआधी थोडी तयारी करा. लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या, त्यात जीजीटी (दारूमुळे वाढणारं यकृताचं एक एन्झाइम) आहे ना ते बघा, आणि पोटाची सोनोग्राफी करा. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा, नुसते आकडे वाचून थांबू नका. एसजीपीटी (याच टेस्टमधलं दुसरं एन्झाइम) नॉर्मल असूनही यकृतावर जुने व्रण असू शकतात. शंका असेल तर डॉक्टर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, सांगतील. दुसरं, पैसे. गहाण दागिने सुटले का, पतसंस्थेचं काही बाकी आहे का, कुणाचे हातउसने राहिलेत का, सिबिल स्कोअर किती आहे, दारू पिऊन गाडी चालवल्याची केस कधी झाली होती का, हे एका कागदावर लिहा. यातलं जे आजही चालू आहे ते तिला सांगायलाच हवं.

मध्यस्थाकरवी निरोप नको, आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसलेली असताना तर मुळीच नको. तिथे तिला मोकळेपणी नाही म्हणता येणार नाही. जिथे आजूबाजूला माणसं आहेत पण ऐकू जात नाही अशा जागी, दिवसाउजेडी, दोघंच भेटा. दहा-पंधरा मिनिटं तुम्ही बोला. साधारण असं: “मी सात वर्षं दारू प्यायचो, शेवटी रोज दोन क्वार्टर (तुमचा खरा आकडा सांगा). त्यात नोकरी गेली, वहिनीचे दागिने गहाण टाकले. केंद्रात राहिलो, आल्यावर एकदा घसरलो. चार वर्षं दोन महिने बंद आहे. मिटिंगला जातो आणि लग्नानंतरही जाणार.” घसरल्याचं गाळू नका. लोक नेमकं तेच गाळतात, आणि पुढे तेच बाहेर येतं. ‘कधीमधी घ्यायचो’ ही अर्धवट कबुली तर न सांगण्याहून वाईट, कारण नंतरचं प्रत्येक खरं वाक्यही संशयाखाली येतं. उलट टोकाला जाऊन प्रत्येक रात्रीचा तपशील ओतू नका, रडून माफी मागू नका. तिचं तुम्ही काही बिघडवलेलं नाही. माफी मागितलीत की तुम्हाला सावरायचं काम तिच्यावर येतं.

मग पुढचं सांगा, ते बहुतेक जण विसरतात: घसरण येताना कशी दिसते. मिटिंग चुकायला लागतात, जेवणाच्या वेळा बिघडतात, झोप उडते, पैशाचा हिशेब टाळला जातो, जुन्या ग्रुपमधलं एखादं नाव पुन्हा बोलण्यात येतं. तसं दिसलं तर फोन कुणाला करायचा, हे तुमच्या स्पॉन्सरला (एएमधल्या तुमच्या जुन्या, अनुभवी सोबत्याला) आणि समुपदेशकाला आधी विचारून तिला सांगा. तुमच्यावर पहारा ठेवणं हे तिचं काम नाही, हेही स्पष्ट म्हणा. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या मिटिंग असतात. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी वेगळा गट आहे.

आईशी मात्र एक गोष्ट आत्ताच बोला. लग्नानंतर काही खुट्ट झालं तर सुनेच्या हातात गोळी देऊन ‘चहातून दे’ असं सांगणारी घरं आहेत. ती गोळी बहुधा डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवण्यासाठी वापरतात त्या औषधाची असते. ती न सांगता कधीही द्यायची नसते. गोळीवर दारू पोटात गेली तर तोंड लाल होतं, धडधड, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. माहिती, संमती आणि डॉक्टर, यातलं एक जरी नसेल तरी ही गोळी घरात नको.

भावाचं तोंड हुंगणं अपमानास्पद वाटतं, आणि आहेही. पण सात वर्षं त्याने तुम्हाला कुठून कुठून उचलून आणलं असेल, त्याला चार वर्षं पुरेशी वाटत नसतील. ‘आता तरी विश्वास ठेव’ अशी मागणी करू नका. एएच्या आठव्या-नवव्या पायरीवर, म्हणजे ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करून भरपाई करण्याच्या टप्प्यावर, आहात का? वहिनीच्या दागिन्यांपासून सुरुवात करा: काय गेलं, किती परत केलं, उरलेलं दरमहा किती देणार, हे लिहून दोघांसमोर ठेवा. त्यानंतर भावाला शांतपणे सांगा, “शंका आली तर विचार, पण माझ्या बायकोसमोर वास घेऊ नको.”

मुलीने वेळ मागितला तर द्या. घाई करून होकार घेऊ नका, सुपारीची तारीख पुढे गेली तरी चालेल. घरच्यांना सांगायचं का, हे तिचं तिला ठरवू द्या. नकार आला तर त्या संध्याकाळी एकटे राहू नका. त्या दिवशी मिटिंग नसेल तर स्पॉन्सरला आधीच सांगून ठेवा, आणि भेटीनंतर थेट त्याच्याकडे जा.