अंडी उबवायच्या १२ व्होल्टच्या घरगुती इन्क्युबेटरमध्ये तापमान ३५ अंशांवरच अडकतंय. २३० व्होल्टवर जावं का?

नका जाऊ. उष्णता वॅटवर ठरते, व्होल्टवर नाही. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टचा असो की २३०चा, पेटीत ऊब तेवढीच. हे मी आमच्या दाजींना तीन वर्षं सांगतोय, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

माझीही पेटी ३५लाच अडकली होती. थर्माकोलची, आत गाडीच्या इंडिकेटरचे २१ वॅटचे दोन बल्ब, मोटारीची जुनी बॅटरी बाहेर पडवीत आणि मध्ये सहा मीटर स्पीकरची वायर, कारण तीच घरात पडून होती. कोंबडीची चोवीस अंडी ठेवली होती. दाजी आले, झाकण उचलून आत डोकावले आणि म्हणाले, "बाराच्या करंटमध्ये काय दम असणार? अजून एक बल्ब लाव." लावला. पारा अंशभर सरकला, पहाटेपर्यंत बॅटरी बसली आणि पुन्हा ३५.

सकाळी वायर गुंडाळून बाजूला करताना जोडावर बोट पडलं आणि चटकाच बसला. टेपचा चिकटा वितळून बाहेर आला होता. मग तिसरा बल्ब काढला, बॅटरी चार्ज केली आणि मल्टीमीटर लावला: बॅटरीवर १२.४, बल्बवर ९.७. पावणेतीन व्होल्ट वाटेतच मुरत होते. बल्ब पिवळट दिसायचे ते यामुळेच, आणि मी मात्र बॅटरी जुनी म्हणून तिलाच बोल लावत होतो. २३०ला एवढी गळती कळतही नाही, १२ला ती जवळपास पाव हिस्सा खाते. वर बल्ब वाढवला की करंट वाढतो, म्हणजे वायरमध्ये अजून जास्त जातं. दाजींच्या उपायाने मी पडवी गरम करत होतो.

बॅटरी पेटीला चिकटून ठेवली, २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली, जोड पिळून न ठेवता झाळले. पण तोवर आठवडा गेला होता. पिल्लं २१व्या दिवसाऐवजी २३व्या दिवशी निघाली, तीही नऊच, त्यातली दोन पायांवर उभी राहीनात. दाजींचं निदान: अंडीच नापीक होती.

तेव्हा आधी मल्टीमीटर लावा. बल्बवर ११.५च्या खाली असेल तर वायर बदला. ठीक असेल तर पेटी बघा. ४० सेंटिमीटरची चौकोनी पेटी, अडीच सेंटिमीटर थर्माकोल, आतबाहेर १७ अंशांचा फरक असेल तर नुसत्या भिंतींतून वीसेक वॅट बाहेर जातात. थर दुप्पट केला की ते निम्म्यावर येतात. झाकणाची फट वेगळी. दुसऱ्या खेपेला मी पाच सेंटिमीटर जाडी केली, तर दिवसा एकच बल्ब पुरायला लागला आणि चोवीसांत एकोणीस पिल्लं निघाली. दाजी म्हणाले, या वेळी अंडी चांगली मिळाली.

बल्ब वाढवायचाच असेल तर हे सगळं झाल्यावर.

आणि हो, फट बुजवण्याच्या नादात हवेची भोकं बुजवू नका, आत जीव श्वास घेतात. बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज हवाच, मी सुरुवातीला लावला नव्हता, नशीब. बल्ब थर्माकोलपासून लांब ठेवा, नाहीतर तो वितळतो. पंखा असेल तर ३७.५ अंश धरा. नसेल तर अंड्यांच्या माथ्याशी ३८.५च्या आसपास, कारण वर आणि खाली फरक पडतो. थर्मामीटर आधी तापाच्या चांगल्या थर्मामीटरशी ताडून घ्या. तुमचं ३५ हे खरंच ३५ आहे का, हे खरं तर मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात दाजींनी बदकाची बारा अंडी पाठवलीत. स्वतःची २३०वाली पेटी वीज गेली की गार पडते म्हणे. आज नववा दिवस आहे, बदकाला अठ्ठावीस लागतात.