'सामना वाचवला' की 'आघाडी राखली'?

प्रश्न असा आहे: बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यँकीज संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) मारियानो रिव्हेरा याच्या नावावर 652 'सेव्ह' आहेत. मग 'रिव्हेराने 652 सामने वाचवले' असं लिहावं का?

लिहू नये, वाचणारा भलतंच समजेल. आपल्याकडे 'सामना वाचवला' हा प्रयोग क्रिकेटमधून रुळला. पराभव समोर दिसत असताना तळाच्या फलंदाजांनी किल्ला लढवला आणि कसोटी अनिर्णित राहिली, की सामना वाचला. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये सामने अनिर्णित जवळजवळ राहतच नाहीत. शिवाय ज्याला सेव्ह मिळतो तो पिचर येतो तेव्हा त्याचा संघ आधीच पुढे असतो. त्याचं काम असतं ती आघाडी शेवटचा गडी बाद होईपर्यंत टिकवायचं. म्हणून वाक्यात 'आघाडी राखली' हेच नेमकं.

आकडेवारीत मात्र 'सेव्ह'च ठेवा, कारण त्यामागे नियम आहे. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्टझमन यांची ही कल्पना मेजर लीगने 1969 मध्ये अधिकृत केली. संघ जिंकलेला हवा, सेव्ह मिळणारा हा त्याचा शेवटचा पिचर हवा, विजयाचं श्रेय दुसऱ्या पिचरच्या नावावर हवं आणि याने किमान एक गडी बाद केलेला हवा. वर तीनपैकी एक अट: आघाडी जास्तीत जास्त तीन धावांची असताना येऊन किमान एक इनिंग (म्हणजे समोरच्या संघाचे तीन गडी बाद होईपर्यंत) टाकणे, किंवा बरोबरीची धाव ठरणारा खेळाडू बेसवर, फलंदाजीला वा लगेच पुढच्या क्रमांकावर असणे, नाहीतर आघाडी कितीही असो, किमान तीन इनिंग टाकणे. म्हणजे चार धावांची आघाडी, बेस (धावपट्टीवरचे थांबे) रिकामे, नववी म्हणजे शेवटची इनिंग सुरू होताना आला आणि तिघांना बाद केलं, तर सेव्ह नाही. पण पाच धावांची आघाडी आणि तिन्ही बेस भरलेले असताना येऊन एकच गडी बाद केला तरी सेव्ह मिळतो: बेसवरचे तीन, फलंदाज चौथा, पुढचा पाचवा. हिशेब थोडा विचित्रच आहे.

उलट बाजूला 'ब्लोन सेव्ह'. याला 'आघाडी निसटली' म्हणा, 'सामना गमावला' म्हणू नका. बरोबरी झाली की नोंद पडते. त्यानंतर संघ पुन्हा पुढे गेला तर त्याच पिचरला विजयाचं श्रेयही मिळू शकतं. त्यातही आधीच्या पिचरने बेसवर सोडलेला खेळाडू घरी पोचला, म्हणजे त्याची धाव पूर्ण झाली, तर धाव त्या आधीच्याच्या खात्यात आणि ब्लोन सेव्ह याच्या. 2001 च्या वर्ल्ड सिरीजच्या (मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्यात रिव्हेराच्या दोन्ही गोष्टी गेल्या. ॲरिझोनाविरुद्ध 2-1 आघाडी, नववी इनिंग. टोनी वोमॅकच्या डबलने (दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्याने) बरोबरी, तिथे आघाडी निसटली. मग लुईस गोन्झालेझच्या फटक्यावर 3-2, तिथे सामना गेला.

जाता जाता, 'रिलीफ पिचर'ला, म्हणजे सामना सुरू असताना आधीच्या पिचरच्या जागी येणाऱ्याला, 'राखीव गोलंदाज' नको. राखीव म्हणजे संघाबाहेर बसलेला. हे तर रोजच्या कामाचे लोक. 'बदली पिचर' चालेल, आणि ज्याच्या जागी तो येतो तो त्या सामन्यात परतू शकत नाही हेही त्यात साधारण येतं. 'क्लोजर', म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणारा, तसाच ठेवा. 1996 मध्ये रिव्हेरा तेव्हाचा क्लोजर जॉन वेटलँडच्या आधीच्या इनिंग टाकायचा; क्लोजर झाला तो 1997 पासून.

आकडा छापताना एक पाहा: 652 हे नियमित हंगामातले. पोस्टसीझनचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतले, 42 वेगळे.